चित्र कोण उलटतं?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास जवळ येऊन विचारतं, "कविता छान होत्या, पण नुसत्या वाचल्या असत्या तर? शेजारी सारंगी, मागे चित्रं, लक्ष विभागतं हो."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या पहिल्या कार्यक्रमात लक्ष खरोखरच विभागलं होतं. चित्रं संगणकावर लावून ठेवली होती, दर चाळीस सेकंदांनी पुढचं. त्या संध्याकाळी सारंगी एका ओळीपाशी रेंगाळली, मीही थांबले. चित्र मात्र पुढे गेलं. कविता आईच्या आजारपणाची आणि पडद्यावर पेरणीचं शेत. धागा तुटला तो तुटलाच.

पुढच्या मे महिन्यात कुडाळजवळ पिंगुळीला गेले. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याची कला, जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. (चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातही आहे, तेव्हा हे खूळ आजचं नाही.)

कथेकरी मांडी घालून बसले होते. समोर फळी, तिला टेकवलेली चित्रं. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, एक उलटलं की दुसरं समोर. साथीला टाळ आणि हुडुक, म्हणजे डमरूसारखं तालवाद्य. युद्धाचा प्रसंग होता. दोन योद्धे, चेहरे एका बाजूने दिसणारे, टपोरे डोळे, आणि मधली सगळी जागा बाणांनी भरलेली. गाता गाता त्यांनी एका बाणावर बोट ठेवलं, मग पलीकडच्या. हुडुक चढत गेला आणि मला ते बाण सुटताना दिसले. चित्र जागचं हललंही नव्हतं. ते उलटायला हात गेला, पण ओळ अजून संपत नव्हती, म्हणून कडेला अंगठा टेकवून ते तसेच थांबले. कागदाच्या त्या कोपऱ्यातला रंग पार उडालेला होता.

तो अंगठा बघून मला माझी चूक कळली. गाणं, चित्र आणि शब्द एकमेकांचं ऐकत नसतील तरच ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं.

आता आमची चित्रकार मैत्रीण स्वतः मंचावर बसते. जाड पुठ्ठ्यावर अकरा चित्रं, उलटायची हाताने. शब्दांत जे आलं ते चित्रात आणायचं नाही, एवढा एक नियम आम्ही कसोशीने पाळतो. कवितेत आईची खाट आहे, तर चित्रात खाटेखालच्या चपला. नुसती कविता वाचली असती तर त्या चपला तुम्हाला दिसल्या नसत्या. मलाही त्या तिनेच दाखवल्या.

सारंगी थांबली की मैत्रीण चित्र उलटते. परवा सारंगी थांबली, तरी तिचा हात कडेलाच राहिला. मीही पुढची कविता सुरू केली नाही.