आमची वाटचाल : नेमप्लेटपासून वाकणाऱ्या सर्किटपर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या गाळ्यात अण्णांनी स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल मांडलं तेव्हा कामं ठरलेली होती : मशीनच्या नेमप्लेट, डायल, स्टिकर. मी हाताशी आलो आणि आम्ही मेंब्रेन कीपॅड, म्हणजे पातळ फिल्मच्या थरांची बटणपट्टी, करायला घेतले. फ्रेम तीच, शाई ओढायची रबरी स्क्वीजी तीच, फक्त रंगाच्या जागी चांदीची शाई. छापलेल्या रेघेतून वीज जाते हे मल्टिमीटरवर दाखवलं, तेव्हा अण्णांनी तीन वेळा स्वतः पिना लावून पाहिल्या.

चांदी वितळायला ९६२ अंश सेल्सिअस लागतात, आणि पॉलिएस्टरची फिल्म तर दीडशेच्या आतच आकसायला लागते. म्हणून या शाईत चांदीच्या बारीक चकत्या रेझिनमध्ये कालवलेल्या असतात. १२०-१३० अंशांवर भाजलं की रेझिन आवळतं, चकत्या एकमेकींना टेकतात आणि वीज चकतीवरून चकतीवर जाते. तेच रेझिन चांदीला फिल्मवर धरून ठेवतं आणि वाकूही देतं. सुरुवातीला ओव्हनमधून आकसून निघालेल्या फिल्मवर दुसरा थर जागेवर बसेचना. तेव्हापासून कोरी फिल्म आधी भाजून घेतो.

खरं शिकवलं ते एका पावसाळ्यानं. आमचे कीपॅड लावलेले वजनकाटे कोकणात मासळीच्या बाजारात गेले होते. जुलैत तक्रारी सुरू झाल्या : कुणी हात न लावताच बटण दाबलं जातंय. परत आलेला कीपॅड सोलून भिंगाखाली धरला, तर शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे छापलेल्या चांदीच्या रेघांमध्ये, नेच्याच्या पानासारखी काळपट नक्षी वाढलेली. दमट हवा आणि दोन ट्रॅकमध्ये सतत व्होल्टेज असलं की चांदीचे आयन धन बाजूकडून ऋण बाजूकडे सरकतात, तिथे पुन्हा धातू होतात, आणि ती फांदी उलटी वाढत येऊन दोन्ही ट्रॅक जोडते. सगळा माल बदलून दिला. त्या तिमाहीत पगार भागवून हातात काही उरलं नाही.

मग ट्रॅकमधलं अंतर वाढवलं, कडा बंद केल्या, आणि कीपॅडमधून बाहेर निघून कनेक्टरमध्ये जाणाऱ्या उघड्या पट्टीवर, म्हणजे टेलवर, चांदीच्या वर कार्बनचा थर छापू लागलो. कार्बनचा रोध जास्त, पण तो सरकत नाही. शिवाय कनेक्टरमध्ये टेल घालता-काढताना होणारी घासही तोच सोसतो. एकाच थराकडून दोन कामं करून घ्यायची ओढ मला तिथून लागली.

गाडीच्या आरशावरचं धुकं घालवणारी तापणारी फिल्म हे त्याचंच पुढचं पाऊल. या कामाच्या खास कार्बन शाईतलं प्लास्टिक तापलं की फुगतं, कार्बनचे कण लांब जातात, रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप कमी होतो. हीटर तोच आणि थर्मोस्टॅटही तोच! समजायला मिनिट पुरतं. जमवायला आमची दोन वर्षं गेली, कारण शाईचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा वागतो.

वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या शोधाला, म्हणजे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना, २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच कुळातली पेडॉटची शाई आता आमच्या टेबलावर आहे. पातळ थरात पारदर्शक, वाकायला सोशिक, पण ओलाव्याला नाजूक. शिलाई मशीनच्या मोटरवर बसवलेल्या जिगवर तिचे नमुने दिवसभर वाकत असतात, आणि तपासणीच्या ताई दर हजार वाकांनंतर रोध वहीत लिहितात. वजनकाट्यांचं ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडेच आहे. यंदाच्या पावसाळ्यात हे नमुने त्यांच्या काट्यांवर बसवून पुन्हा त्याच मासळी बाजारात पाठवायचे आहेत.