हात कुठून घालसान?

प्रवासात आतच झोपता यावं म्हणून व्हॅनमध्ये बेड आणि वायरिंग करून घेतोय. सकाळी तिच्या फ्लोअरवर खडूने चौकोन काढत बसलो होतो. इथे बॅटरी, इथे इन्व्हर्टर, इथे फ्यूज बॉक्स. सगळं बेडखाली, नजरेआड, एकदम टापटीप.

वायरिंगवाले काका आले. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग बेडच्या फळीवर चक्क आडवे झाले आणि म्हणाले, "भाऊ, रातच्या बारा वाजता फ्यूज गेला तं हात कुठून घालसान?"

गादी, पांघरुणं, बायको, पोरगी. सगळ्यांना उठवूनच!

गणित मी पाठ करून ठेवलं होतं. १२ व्होल्टवर हजार वॅटचा इन्व्हर्टर म्हणजे ८० अँपिअरच्या वर करंट, म्हणून केबल जाड आणि आखूड, मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी चिकटून. तेवढं बरोबर होतं. पण बंद पेटीत इन्व्हर्टरला हवा कुठून मिळणार? तीही नागपुरात, मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना. (आपण कूलरसमोरून हलत नाही, आणि त्याला कोंडणार!)

शेवटी बॅटरी बेडखालीच राहिली, पट्ट्यांनी आवळून. इन्व्हर्टर तिच्यापासून हातभरावर, मागच्या दारापाशी जाळीमागे. फ्यूज बॉक्स सरकत्या दाराजवळ. खडूचे चौकोन पुसताना वाईट वाटलं, खरं सांगतो. सुंदर दिसत होते.

काका निघताना म्हणाले, "नकाशा चांगलाच होता भाऊ. झोपून पाह्यला नव्हता तुमी, एवढंच."

संध्याकाळी घरी आलो आणि बेडरूमच्या दारामागे हात घालून चाचपडत लाइट लावला. वीस वर्षं तो बोर्ड दारामागेच आहे. तुमच्याकडचा कुठे आहे?