सूर्य समोर असताना

भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, मी नावेतून काढलेले पक्ष्यांचे फोटो पाहिले की बरेच जण एकच गोष्ट विचारतात: सूर्य तर समोर होता, मग उडता पक्षी काळा कसा नाही आला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मागचं आकाश इतकं उजळ असतं की कॅमेरा त्यालाच धरून प्रकाश मोजतो आणि त्याला मध्यम राखाडीकडे ओढतो. पक्ष्याची आपल्याकडची बाजू सावलीत असते, ती त्यात बुडते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, एक-दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). पाणकावळ्याला आणखी थोडं, पांढऱ्या पक्ष्याला जरा कमी.

मात्र कॅमेऱ्याच्या मोजमापावर अशी नुसती भर (कॉम्पेन्सेशन) घालून माझं कधी भागलं नाही. नदी सुरय (रिव्हर टर्न) पाण्यालगत येतो, मागे काठावरची झाडी असते, दुसऱ्या क्षणी तो आकाशात. मागचं बदललं की कॅमेऱ्याचं मोजमाप बदलतं. पक्ष्यावरचा उजेड मात्र तोच असतो. त्यामुळे मी सगळं मॅन्युअलवर, म्हणजे स्वतःच्या हातात ठेवतो, आयएसओसुद्धा (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता). स्वच्छ सकाळी, उजाडून तासभर झाला की शटर १/२५०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ६.३, आयएसओ १६०० इथून सुरुवात करतो. त्याच दिशेला बसलेल्या एखाद्या बगळ्याचे दोन-चार फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघतो आणि मग आकड्यांना हात लावत नाही. आकाश पांढरं पडलं तरी मला चालतं. पंखांच्या कडेची सोनेरी रेघ जळू द्यायची नाही, ती रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही) परत मिळत नाही.

पण खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा पक्षी कोणता, हे मी आधी बघतो. सुरयाची पिसं पातळ असतात. उजेड पक्ष्याच्या मागून आला की पंख आणि दुभागलेली शेपटी आतून पेटल्यासारखी दिसतात, एकेक पीस मोजता येतं. सूर्य आपल्या पाठीशी असला की हे कधीच दिसत नाही. रोहिताचं (फ्लेमिंगोचं) उलट आहे. त्याची उड्डाणपिसं काळी, ती काळीच राहतात. मग मी त्याचा रंग मागतच नाही. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप उतरवतो आणि ताणलेली मान, मागे सरळ गेलेले पाय एवढाच आकार घेतो. अट एकच, दोन पक्षी एकमेकांवर यायला नकोत. थवा दाट असेल तर मी कॅमेरा खाली ठेवतो.

पाण्याचाही उपयोग होतो. पक्षी पाण्याच्या अगदी जवळून जात असेल तर खालून परतलेला उजेड त्याच्या पोटावर पडतो. उंच गेल्यावर तो मिळत नाही, म्हणून मी खालच्या उडणाऱ्यांची वाट बघतो. आणि एक जपा: आरशाच्या कॅमेऱ्यातून (डीएसएलआर) टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून थेट सूर्याकडे बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

आता प्रश्न येतो, नाव फिरवून सूर्य पाठीशी का घेत नाही? कधी घेतोही. पण उजनीच्या फुगवट्याच्या उथळ कडेला रोहित डोकं उलटं पाण्यात घालून चरत असतात. आपल्याला उजेड हवा म्हणून त्यांच्या मधून नाव घालायची, की थवा उडतो. तसं उडवून फोटो काढणारे मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो. हिवाळाभर रोज दहा नावांनी तेच केलं तर त्या पक्ष्याने खायचं कधी? म्हणून मी नाववाल्या दादांना आधीच सांगतो, “दादा, लांबच थांबा, उडाले नाहीत तरी चालेल.”

मग सुरयाकडे वळतो. तो वाऱ्याला तोंड देत, चोच खाली करून, त्याच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा फेऱ्या घालतो. एक फेरी नुसती बघायची. दुसऱ्या फेरीला तो लांब असतानाच फोकस धरायचा, त्याच्याबरोबर वळत राहायचं आणि सूर मारण्याआधी तो हवेत क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाबायचं.