तुम्ही विचारलंत म्हणून: आईला शॉक का दिले?

सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत गाठ पडलेली आत्या असो की नव्या पेठेत भेटलेली जुनी शेजारीण, प्रश्न एकच. "वहिनींना शॉक दिले म्हणे? गोळ्यांनी भागलं नसतं का गं?"

नसतं भागलं. भागवून बघितलं होतं.

शॉक म्हणजे डोक्याला थोडी वीज देऊन करतात तो उपचार. नैराश्याच्या बहुतेक पेशंटना तो लागत नाही. गोळ्या, समुपदेशन किंवा दोन्ही मिळून पुष्कळांना पुरतं. गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, तेवढं थांबलो. डोस वाढवला, गोळी बदलली. समुपदेशक बाई खरंच चांगल्या होत्या, पण जिच्या तोंडून दिवसभर शब्द फुटत नाही तिच्याशी त्या तरी काय बोलणार? पुढे आई बोलली ते हे: "मला आतडीच राहिली नाहीत, जेवण जाणार कुठं?" पाण्याचा घोटसुद्धा गालात धरून बसायची. या दिवसांत तुमच्यातलं कोण घरी डोकावलं होतं? जाऊ दे.

डॉक्टरांनी शॉकचं नाव काढलं तेव्हा मीही तुमच्यासारखीच उसळले होते. आईला काय वेड लागलंय का, म्हणाले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की जेवणपाणी सुटलेल्या म्हाताऱ्या पेशंटमध्ये गोळीची वाट बघत बसणंच जास्त धोक्याचं. 1938 साली इटलीत हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल नव्हती, शॉकने येणाऱ्या फिटच्या झटक्यात हाडं मोडायची. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच बंद केलंय. आईला काही समजण्याची स्थिती नव्हती, म्हणून कागदावर सही माझी.

पहिल्या दिवशी सकाळी ती उपाशीपोटी. सिस्टरनी बांगड्या उतरवल्या, कवळी काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. कवळीशिवाय आईचं तोंड इतकं आत जातं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. दार अर्धवट उघडं राहिलं होतं. कपाळाला जेल, तोंडात रबराचा तुकडा, आणि बीपीचा पट्टा हाताऐवजी पायाला, घोट्याच्या वर. तो का, ते सिस्टरनी नंतर सांगितलं: पट्टा आवळला की सैल करणारं औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. बाकी अंग निपचित राहतं आणि झटका नीट आला की नाही ते तेवढ्या एका पावलावरून कळतं. मला तेवढंच दिसत होतं. जोडव्याचा पांढरा वळ असलेलं बोट थडथडत होतं. मिनिटभरसुद्धा नसेल. मी कवळी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर दात उमटले. शुद्धीवर आल्यावर तिने मलाच विचारलं, "तू कोणाची गं?"

असे शॉक आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण साधारण 6 ते 12 देतात. निम्मे व्हायच्या आत आईने चहा मागितला. घरी आल्यावर एके दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काय करलालीस गं, भाकरी करपलाली की!" मी गॅस बंद करून मोरीत जाऊन रडले.

आता तुम्हाला हवी असलेली कबुली. भाचीचं बारसं आईला आठवत नाही. फोटोत ती आहे, पाळण्याची दोरी तिच्या हातात आहे, पण शॉकमुळे ते दिवस पुसले गेलेत. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी फोटो बघताना ती गप्प होते ते मला सोसत नाही. आणि शॉक झाले म्हणून आजार कायमचा गेला असंही नाही. गोळ्या चालू आहेत, आणि तुम्ही त्यावरही "अजून?" असं विचारता.

पुन्हा वेळ आली तर? आपल्यावर कोणते उपचार करायचे आणि कोणते नाही, हे माणसाला बऱ्या काळातच लिहून ठेवता येतं, त्याच कायद्यात तशी सोय आहे. भाऊ मागे लागलाय, तिच्याकडून लिहून घे म्हणून. मी कागद पुढे केला. आईने चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "तू नव्हतीस का तिथं? मग तूच सांग, देऊ का नको." मला सांगता आलं नाही. कागद अजून कोराच आहे.