चेस्टनटखालचा डबा

आपल्याकडे बऱ्याच उपाहारगृहांच्या भिंतीवर ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते आणि चित्रपटगृहाच्या दाराशी तर पर्समधली चिक्कीसुद्धा संशयित ठरते. त्यामुळे म्युनिकमधल्या बिअर गार्डनमध्ये, म्हणजे झाडांखाली बाके टाकून बिअर देणाऱ्या जागेत, घरचा डबा नेऊन तो राजरोस उघडता येतो, हे मी सांगितले तेव्हा माझ्या मैत्रिणीचा त्यावर विश्वास बसला नाही. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मुले मार्गी लागल्यावर दोघींनीच जर्मनीला जायचे, असे बरीच वर्षे ठरत होते, आणि अखेर एका जून महिन्यात ते जमले. तिच्या सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बाकरवडीची पाकिटे होती. माझ्याकडे पाहण्याच्या ठिकाणांची यादी होती. दोन्हींपैकी उपयोगाचे काय ठरले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

यादीची सुरुवात अर्थातच मारिएनप्लात्झ या मुख्य चौकापासून झाली. तिथल्या नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यात घंटांच्या सुरावर फिरणाऱ्या बाहुल्या आहेत आणि सकाळी अकरा वाजता त्यांचा खेळ सुरू होतो. वरच्या मजल्यावर 1568 साली झालेल्या ड्यूक विल्हेल्म पाचवा याच्या लग्नाचा सोहळा चालतो, त्यात घोडेस्वारांची झुंज होते आणि लोरेनहून आलेल्या वधूपक्षाचा स्वार रोज न चुकता मागे कोसळतो. “वधूपक्षाने रोज हरायचे, ही पद्धत इथेही आहे म्हणायची,” असे मैत्रीण म्हणाली. खालच्या मजल्यावर पिंप बनवणारे कारागीर नाचतात. आमच्या आजूबाजूचा सगळा चौक मोबाइल उंचावून उभा होता, आणि खरे सांगायचे तर बाहुल्यांपेक्षा तो देखावा मला अधिक यांत्रिक वाटला.

दुपारी आम्ही इंग्लिश गार्डनमध्ये गेलो. ही बाग 1789 साली, राजा काय करतो याकडे फ्रान्समधल्या लोकांचे फारच बारीक लक्ष गेले त्या वर्षी, म्युनिक ज्या प्रांतात येते त्या बव्हेरियाच्या कार्ल थिओडोर या शासकाने उभारायला घेतली आणि सर्वसामान्यांसाठी खुली ठेवली. सल्ला बेंजामिन थॉम्प्सन या मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या गृहस्थाचा होता. पुढे उष्णतेवरच्या प्रयोगांमुळे काउंट रमफर्ड या नावाने तो प्रसिद्ध झाला. बागेत सुमारे पंचवीस मीटर उंचीचा लाकडी चिनी मनोरा आहे. लंडनच्या क्यू गार्डनमधला पॅगोडा पाहून तो बांधला गेला, 1944 मध्ये बॉम्बवर्षावात जळाला आणि 1952 मध्ये पुन्हा उभा राहिला. म्हणजे बव्हेरियातल्या इंग्लिश नावाच्या बागेत, एका अमेरिकनाच्या कल्पनेतून, चिनी मनोरा. त्याच्या सज्जात पितळी वाद्ये वाजवणारी जर्मन मंडळी आणि खाली सात हजारांच्या आसपास माणसे बसतील इतकी बाके. ‘अस्सल स्थानिक संस्कृती’ शोधायला निघालेल्या माणसाने इथे थोडा वेळ बसावे, म्हणजे अस्सल या शब्दाचा हट्ट आपोआप सुटतो.

डब्याची कथा मात्र खरोखरच तिथल्या मातीतली आहे. सोळाव्या शतकापासून बव्हेरियात बिअर बनवण्यास फक्त सप्टेंबरअखेरपासून 23 एप्रिलपर्यंत परवानगी असे. तिथली बिअर थंडाव्यात हळूहळू आंबते, आणि उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्या तर आगीची भीती होती. साहजिकच मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ती उन्हाळाभर पुरवावी लागे. त्यासाठी बिअरवाल्यांनी इसार नदीच्या उंच काठांत तळघरे खोदली, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून त्यांत भरला, वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची पाने रुंद, सावली दाट आणि मुळे उथळ. त्यामुळे तळघराच्या कमानीला धक्का लागत नाही. खाली थंड बिअर आणि वर गार सावली असल्यावर माणसे तिथे बाके टाकणार हे उघडच होते.

ते गावातल्या खाणावळवाल्यांना रुचले नाही, कारण त्यांची गिऱ्हाइके नदीकडे वळू लागली. तक्रारी राजापर्यंत गेल्या. 4 जानेवारी 1812 रोजी पहिल्या मॅक्सिमिलियन जोसेफ राजाने निकाल दिला, की बिअरवाल्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या तळघराशी बिअर विकावी आणि सोबत फार तर पाव द्यावा. दुसरे खाद्यपदार्थ किंवा पेये मुळीच देऊ नयेत. यावर लोकांनी काढलेला तोडगा आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला सुचला असता. त्यांनी घरून डबे आणले. बिअरवाले आता पोटभर जेवण विकतात, पण डब्याचा हक्क टिकून राहिला. 1995 मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून एका बिअर गार्डनला रात्री लवकर बंद करण्याचा न्यायालयीन आदेश झाला, तेव्हा वीस हजारांच्या आसपास लोक मारिएनप्लात्झमध्ये निषेधासाठी जमले. त्यातून पुढे आलेल्या 1999 च्या सरकारी नियमावलीत रात्री अकरापर्यंतची वेळ आहेच, शिवाय स्वतः आणलेला खाऊ पैसे न देता खाता येणे हे बिअर गार्डनचे लक्षण म्हणून नोंदवलेले आहे. हा भाग मैत्रिणीला इतका आवडला, की तिने तो मला दोनदा सांगायला लावला.

बसायचेही काही संकेत आहेत. ज्या टेबलांवर कापड अंथरलेले असते तिथे वाढपी येतात आणि तिथे डबा चालत नाही. उघड्या लाकडी टेबलांवर आपले पेय आपणच खिडकीवरून आणायचे. मी सफरचंदाचा रस आणि सोडा घेतला. मैत्रिणीने अर्धी बिअर आणि अर्धे लिंबाचे गोड पेय यांचे मिश्रण एक लिटरच्या काचेच्या मगात घेतले आणि तो उचलण्यासाठी दोन्ही हात लावले. मगाची अनामत रक्कम वेगळी भरावी लागते. तो परत केला की ती परत मिळते.

आमच्या टेबलावर एक वृद्ध जोडपे येऊन, जागा रिकामी आहे का एवढेच विचारून बसले. बाईंनी पिशवीतून चौकड्यांचा टेबलक्लॉथ काढून आपल्या वाट्याच्या अर्ध्या टेबलावर अंथरला. मग लाकडी फळी, सुरी, चीज, टोमॅटो आणि एक पांढरा जाडजूड मुळा बाहेर आला. आजोबांनी त्या मुळ्याची न तुटणारी, नागमोडी, पातळ चकती काढली, तिला मीठ लावले आणि पाणी सुटेपर्यंत शांतपणे वाट पाहिली. मैत्रिणीने बाकरवडी पुढे केली. दोघांनी एकेक घेतली, खाल्ली, मान डोलावली आणि मुळ्याची फळी आमच्या बाजूला सरकवली. बस्स, इतकेच. नाव, गाव, मुले किती, कोणी काहीही विचारले नाही. एकाच बाकावर कोपराला कोपर लावून आम्ही दीड-दोन तास बसलो आणि उठताना त्यांनी अगदी मनापासून निरोप घेतला.

यावरून आमचा वाद झाला. मैत्रिणीचे म्हणणे असे, की पुणे ते सोलापूर एवढ्या प्रवासातही शेजारच्या बाईंच्या सुनेचे माहेर आपल्याला कळते. तासन्‌तास जवळ बसून काही न विचारणे म्हणजे कोरडेपणा. मला तसे वाटले नाही. जागा द्यायची, मुळा द्यायचा, पण चौकशीचा भार टाकायचा नाही, यातही एक आतिथ्य आहे. प्रश्न विचारून जवळीक करणाऱ्या समाजात मी वाढले आहे आणि तो मला प्रियच आहे, तरी पन्नाशी ओलांडल्यावर उत्तरे द्यावी न लागणारे असे एखादे टेबल मिळाले तर फार बरे वाटते. यावर तिने, “तुला नाहीच बोलायला आवडत,” असा निकाल दिला आणि उरलेला मुळा संपवला.

दुसऱ्या दिवशी यादीत निम्फेनबुर्गचा राजवाडा होता. दालने, चित्रे, कालवे, हंस, सगळे नीट पाहिले. पण मैत्रिणीचे लक्ष घड्याळाकडे होते, कारण तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर हिर्शगार्टन आहे, असे तिने सकाळीच शोधून ठेवले होते. आठ हजार माणसे बसतील एवढे ते बिअर गार्डन आणि शेजारी कुंपणाआड हरणे. तिथे आपला मग फळीवरून आपणच उचलायचा आणि गार पाण्याखाली आपणच विसळायचा, अशी रीत आहे. खांद्याला दशम्यांची पिशवी अडकवून तिने तो जडशीळ मग आतून-बाहेरून पुन्हा पुन्हा विसळला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “घरी सांगू नकोस हं. एवढे पैसे खर्चून जर्मनीत भांडी घासायला गेली होती म्हणतील.”