वीज गेल्यावरही तळघर कोरडं : बॅटरीवरचा पंप निवडताना आणि बसवताना आलेला अनुभव

धो-धो पाऊस लागला की वीज जाते, आणि तळघरातल्या पंपाची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. आमच्या घराच्या पायाभोवती मुरलेलं पाणी झिरपनळ्यांतून तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, येऊन साठतं. ठरावीक पातळी आली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी घराबाहेर जातं. विजेवरचा हा पंप दणकट आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वीज नसली की त्याचा उपयोग शून्य. आम्ही सगळे बाहेर असताना असं झालं तर काय, हा प्रश्न बायकोनं विचारला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवायचं ठरलं.

पंप बघायला जाण्याआधी मला एक आकडा हवा होता : आपल्या खड्ड्यात पाणी येतं तरी किती वेगानं? हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो. काढायला मात्र सोपा आहे. जोराच्या पावसात, पंपानं खड्डा उपसल्यावर त्याचा प्लग काढला, खड्ड्याच्या भिंतीला मोजपट्टी टेकवली आणि मोबाइलवर वेळ लावली. पाणी मिनिटाला १० सेंटिमीटर चढत होतं. आमच्या खड्ड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे. एवढ्या गोल खड्ड्यात पाण्याची १ सेंटिमीटर उंची म्हणजे जवळपास १.६ लिटर. म्हणजे मिनिटाला १६ लिटर, तासाला साडेनऊशे. हे मोजमाप चांगल्या पावसातच घ्यायला हवं. रिमझिम पावसात घेतलेला आकडा ऐन वेळी दगा देईल. पाणी वर येण्याआधी प्लग परत लावला, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आकडा हेडचा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागतं त्याचा. पंपाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जी क्षमता छापलेली असते ती बहुतेक वेळा शून्य हेडची असते, म्हणजे पाणी वर चढवायचंच नसेल तर पंप किती फेकेल याची. तळघरात पाणी चढवायचंच असतं. खड्ड्यातल्या खालच्या पातळीपासून पाइपाच्या सर्वांत उंच वळणापर्यंत मी टेप लावली, ती उंची २.८ मीटर भरली. त्यात आडव्या पाइपातलं घर्षण मिळवावं लागतं आणि एल्बोंचं, म्हणजे वळणाच्या जोडांचंही. दीड इंची पाइपातला एक काटकोनी एल्बो साधारण सव्वा ते दीड मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. सगळं धरून मी साडेतीन मीटर हेड गृहीत धरलं. मग पंपांचे आलेख पाहिले. शून्य हेडला तासाला साडेसात हजार लिटर देणारा १२ व्होल्टचा पंप ३ मीटरला जेमतेम ३८०० देत होता आणि साडेतीनला ३३०० च्या आसपास. निम्म्याहून कमी! तरी आमच्या साडेनऊशेच्या मानानं तो भरपूर होता, कारण तासातून सतरा-अठरा मिनिटं चालला तरी त्याचं भागणार होतं. ज्या पंपाचा हेडनुसार आलेख मिळत नव्हता, तो मी यादीतून सरळ काढून टाकला.

आता मुख्य निवड. वायरिंग बघायला आलेले वायरमन म्हणाले, "साहेब, वेगळा पंप कशाला? मोठा इन्व्हर्टर टाका, आहे तीच मोटार चालेल." सल्ला चुकीचा नव्हता, आणि पुष्कळ जण तेच करतात. म्हणून मी नीट हिशेब मांडला. आमची मोटार अर्ध्या अश्वशक्तीची, चालताना ७०० वॉटच्या आसपास घेते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत तेवढी वीज काढायची तर बॅटरीवर ६५-७० अँपिअरचा भार येतो. शिवाय सुरू होताना मोटार काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, तो झटका सोसणारा इन्व्हर्टर बराच मोठा लागतो, आणि मोटारीसाठी तो शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखाच गुळगुळीत प्रवाह देणारा, हवा. मोटार पाणी जास्त वेगानं उपसते हे खरं, पण हजार लिटरमागे हिशेब केला तर तिला जवळपास ७ अँपिअर-अवर (१ अँपिअर प्रवाह तासभर काढला की १ अँपिअर-अवर) लागत होते आणि १५ अँपिअर घेणाऱ्या बॅटरीच्या पंपाला साडेचार. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी थोडी बॅटरी खातोच.

पण माझा निर्णय झाला तो या आकड्यांमुळे नाही. इन्व्हर्टर फक्त वीज जाण्यावर इलाज करतो. फ्लोट भिंतीला अडकला, पंपातल्या फिरत्या पात्यांत, म्हणजे इम्पेलरमध्ये, खडा अडकला, मोटार जळाली, तर इन्व्हर्टर काय करणार? दुसरा, स्वतंत्र फ्लोट असलेला पंप या सगळ्या प्रसंगांत धावून येतो. वायरमनना हे सांगितलं तेव्हा त्यांनाही पटलं. जनरेटरचा विचार लगेच सोडला, कारण तो सुरू करायला माणूस घरात लागतो. नळाच्या दाबावर चालणारे पंपही मिळतात, त्यांना बॅटरीच लागत नाही. पण ते चालताना पिण्याचं पाणी सतत वाहून जातं, आणि ज्यांच्या घरी पाणी विजेच्या पंपानं येतं त्यांचा तर वीज गेल्यावर दाबही जातो.

बॅटरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवावा असं माझं ठाम मत आहे. पंप वर्षानुवर्षं टिकेल. दर काही वर्षांनी बदलावी लागते ती बॅटरी. गाडीची बॅटरी इथे चालत नाही. तिच्या प्लेटा पातळ असतात, काही सेकंद जोराचा प्रवाह द्यायला बनवलेल्या. तिला तासन् तास हळूहळू उपसलं तर ती लवकर मरते. इथे डीप सायकल, म्हणजे हळूहळू खोलवर उपसायला बनवलेली, बॅटरी हवी. तिच्यावर १०० अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, तो आकडा सहसा २० तासांच्या दराचा असतो, म्हणजे ५ अँपिअर सलग २० तास. १५ अँपिअरनं उपसली तर हिशेबानं पावणेसात तास मिळायला हवेत, पण मिळतात त्याहून कमी, कारण शिसे-आम्लाची बॅटरी जितक्या जोरानं उपसावी तितकी तिची क्षमता घटते. सुदैवानं पंप सलग चालत नाही. आमच्या जोराच्या पावसाच्या आकड्यानं सरासरी भार सव्वाचार-साडेचार अँपिअर येत होता. अर्धी बॅटरीच वापरायची, असं धरलं तर कागदावर अकरा तास, आणि मी मनाशी आठ-नऊ धरले. खरंच तळघर भरायला लागलं तर बॅटरी अर्ध्याखाली गेली तरी चालेल, तेव्हा तिचं आयुष्य जपण्यात अर्थ नाही. पण खरेदीचा हिशेब अर्ध्यावरच करावा.

प्रकारांत तीन पर्याय होते. साधी पाण्याची बॅटरी स्वस्त आणि टिकाऊ, पण तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपर्यंत साठला तरी ठिणगीनं पेट घेऊ शकतो, म्हणून बंदिस्त तळघरात ती नको वाटली. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी, जवळजवळ पूर्ण उपसता येणारी, पण तिला तिच्याच जातीचा चार्जर लागतो आणि आमच्या पंपासोबतचा कंट्रोलर शिसे-आम्लासाठीच होता. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, थंड तळघर असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. मी एजीएम घेतली, म्हणजे काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली शिसे-आम्लाची बॅटरी : सीलबंद, पाणी घालायची कटकट नाही, आणि नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू जवळपास बाहेर येत नाही. तरीही तिच्या खोक्याला झरोके ठेवले.

बसवण्याच्या दिवशी पहिलं काम खड्डा साफ करण्याचं. मुख्य पंपाचा प्लग काढल्याशिवाय खड्ड्यात हात घालू नये, हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. तळाशी बोटभर गाळ होता, बारीक वाळू आणि चिकट माती. तो उपसून काढला. नवा पंप तळाशी न ठेवता मुख्य पंपाच्या बाजूला, थोड्या उंच कठड्यावर बसवला, म्हणजे गाळ ओढणार नाही. त्याचा फ्लोटही मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा वर ठेवला. मुख्य पंप काम करत असेपर्यंत पाणी तिथवर पोहोचतच नाही, त्यामुळे बॅटरी उगीच खर्च होत नाही. दोन्ही फ्लोट एकमेकांना किंवा वायरला अडकत नाहीत ना, हे हातानं वर-खाली करून पाहिलं.

पाइपाचं काम प्लंबरनं केलं, मी शेजारी उभा राहिलो. दोन्ही पंपांसाठी वेगळे पाइप बाहेर नेता आले असते तर उत्तम, पण भिंतीला दुसरं भोक पाडायचं नव्हतं. म्हणून वाय, म्हणजे दोन पाइप एकात मिळवणारा Y आकाराचा जोड, लावून एकच पाइप पुढे नेला. इथे एक गोष्ट सोडून चालत नाही : जोडाच्या आधी दोन्ही फांद्यांवर वेगवेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर एका पंपानं उचललेलं पाणी दुसऱ्या पंपातून परत खड्ड्यात येतं. मग पंप चालत राहतो, पाणी गोल गोल फिरत राहतं आणि बॅटरी संपते.

पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला ३ मिलिमीटरचं एक छोटं भोक पाडायची सूचना पंपाच्या पुस्तिकेत होती. त्याचं कारण प्लंबरनं मला दाखवलंच. भोक पाडण्याआधी त्यानं पंप चालवला. मोटार गुणगुणत होती, पण पाइपाला हात लावला तर आत काही हालचाल नाही, पाण्याची पातळी जागच्या जागी. वरती व्हॉल्व्हवर पाण्याचा स्तंभ दाबून बसलेला, खाली पंपात हवा कोंडलेली, आणि हवा भरलेल्या पंपाला तो व्हॉल्व्ह उघडण्याइतका दाब तयार करता येत नाही. मग त्यानं ड्रिल तिरपं धरून, पाण्याची चिळकांडी खाली खड्ड्यातच पडेल अशा बेतानं भोक पाडलं. पुन्हा चालवल्यावर भोकातून आधी फुसफुस झाली, मग बारीक धार, आणि पाठोपाठ पाइप थरथरला. पंप बंद झाला तेव्हा व्हॉल्व्ह मिटल्याचा ठक असा आवाज आला. काही पंपांना हे भोक आधीच असतं, तेव्हा पुस्तिका वाचून मगच ड्रिल हातात घ्यावं.

वायरच्या बाबतीत काटकसर करू नका. १२ व्होल्टमध्ये थोडीशी घटही महागात पडते. बॅटरीपासून पंप ३ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन वायर होते ६ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर १५ अँपिअरला त्यातच जवळपास पाऊण व्होल्ट हरवतो आणि पंप तेवढा मंद चालतो. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर ही घट एकपंचमांश व्होल्टच्याही आत राहते. आम्ही जाड वायर घेतली, टोकांना लग, म्हणजे टर्मिनलवर कसायच्या धातूच्या टोप्या, नीट दाबून बसवले, आणि निर्मात्यानं सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ लावला. शॉर्ट झाला तर वायर तापण्याआधी फ्यूज उडायला हवा. बॅटरी जमिनीवर न ठेवता भिंतीच्या मजबूत स्टँडवर, कमरेइतक्या उंचीवर ठेवली. पाणी चढलं आणि बॅटरीच बुडाली, असं व्हायला नको.

बटण दाबून पंप सुरू झाला म्हणजे चाचणी झाली, असं मी मानत नाही. पण नळाचं हजारो लिटर पाणी खड्ड्यात ओतून चाचणी घ्यायला मन होईना, म्हणून सलग पावसाच्या दिवसाची वाट पाहिली. त्या दिवशी सकाळी मुख्य पंपाचा आणि चार्जरचा, दोन्हींचे प्लग काढले. पाण्याची आवक कमाल आकड्याच्या निम्मी होती. फ्लोट उचलला जायचा, पंप चालायचा, थांबायचा. वायरीतला प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनं पाहिलं तर भार १४ ते १५ अँपिअरमध्ये, म्हणजे पुस्तिकेप्रमाणेच. संध्याकाळी पंप थांबवून बॅटरीला तासभर विश्रांती दिली आणि व्होल्टेज मोजलं : सकाळी १२.८ होतं, आता १२.५. निम्म्यावर येईपर्यंत अजून बरीच गुंजाइश होती. चार्जर परत लावल्यावर अलार्मही तपासला, पाणी फार वर आलं तर तो वाजतो.

तेव्हापासून वीज दोन-तीनदा चांगलीच लांबली आहे. एकदा तर आम्ही बाहेरगावी होतो, परतलो तेव्हा कंट्रोलरवर पंप चालून गेल्याचा दिवा लागलेला होता आणि तळघर कोरडं होतं. बायकोनं खाली जाऊन ते स्वतः पाहिलं.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा मुख्य पंप बंद ठेवून खड्ड्यात बादल्या ओततो, दुसरा पंप उचलतो का ते बघतो. पावसाळ्याआधी गाळ काढतो, ते बारीक भोक बुजलं नाही ना हे तारेनं तपासतो आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावतो. बॅटरी बसवल्याची तारीख मार्करनं खोक्यावरच लिहिली आहे. स्टँडवर दुसऱ्या बॅटरीपुरती जागा मोकळी आहे, पण तिथे आत्ता नवी बॅटरी जोडणार नाही. समांतर जोडायच्या बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात, नाहीतर जुनी नवीला खाली ओढते. ही बॅटरी बदलायची वेळ आली की दोन एकदमच घेणार.