भाचीसाठी घडीचा चाकू, दोन हजारांच्या आत

माझी भाची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि यंदापासून तिच्या वर्गाच्या अभ्याससहली कर्जत-मुरबाडच्या रानांत आणि पुढे कोकणात निघणार आहेत. पातळ फांदी कापणे, साल सोलून पाहणे, फळाचा किंवा कंदाचा आडवा छेद घेणे आणि दुपारी पिशवीतली काकडी चिरणे या सगळ्याला पुरेल असा एक घडीचा चाकू तिला वाढदिवसाला द्यावा, असे मी ठरवले. खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये होती आणि ती वाढवायची नाही हेही ठरलेले होते, कारण विद्यार्थ्याच्या हातातली वस्तू हरवण्याची शक्यता धरूनच घ्यावी लागते. फार महागडा चाकू दिला तर तो कपाटात जपून ठेवला जातो आणि कामाला विळीच येते.

पहिली हरकत बहिणीची आली. "दादा, अरे पोरीला चाकू कसला देतोस? घड्याळ दे, नाहीतर चांगलं पेन दे," असे ती फोनवर म्हणाली. धारदार वस्तू हातातून हातात देऊ नये, दिल्यास भांडण होते, आणि लोखंड शनिवारी घरात आणू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेले आहे. दुसरीकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो, तेव्हा त्यांचे वावडे आपल्याला मुळात नाही. युरोपातही चाकू भेट दिल्याने मैत्री तुटते अशी समजूत आहे आणि तिच्यावरचा उतारा असा, की घेणाऱ्याने देणाऱ्याला एखादे नाणे द्यायचे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी ठरते. भाचीकडून एक रुपया घेऊन तो चाकू तिला विकायचा, ही तडजोड बहिणीला मान्य झाली. शनिवार तेवढा मी टाळला.

दुसरी हरकत अधिक गंभीर होती आणि ती माझ्याच मनात होती. मुंबईत चाकू जवळ बाळगणे कितपत चालते? शस्त्र नियमांत ज्या धारदार शस्त्रांचा उल्लेख येतो त्यांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे मोडतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. सात-आठ सेंटिमीटर पात्याचा घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली वेळोवेळी जे मनाई आदेश निघतात, त्यांत लाठ्या-तलवारींबरोबर सुऱ्याही येतात, आणि असा आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू घेऊन फिरणे अडचणीचे ठरू शकते. मेट्रोच्या फाटकावर पिशवी तपासली जाते आणि तिथे धारदार वस्तू चालत नाही. विमानात चाकू केबिनच्या पिशवीत नेता येत नाही, सामानात द्यावा लागतो. या सगळ्याचा मी काढलेला अर्थ एवढाच, की चाकू दिसायला अवजारासारखा असावा, बटण दाबताच उघडणारा नसावा, आणि कामाच्या दिवसाखेरीज तो घरीच राहावा. खटक्याच्या रामपुरीचे नाव या शहरात कोणत्या संदर्भात घेतले जाते हे मी वाचकांना सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. थोड्या पैशांत चाकू घेताना पैसे कशासाठी मोजायचे हे आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते ते पात्याचे पोलाद आणि पाते जिथे फिरते तो सांधा या दोनच गोष्टींसाठी मोजावेत. अवजारांच्या संख्येसाठी एक रुपयाही मोजू नये. नागदेवी स्ट्रीटवर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत हत्यारांचा माल भरपूर मिळतो, पण तिथे माझ्यापुढे आधी आला तो अकरा कामांचा चाकू. "साहेब, कात्री, करवत, पेचकस, सगळं आहे यात, साडेतीनशे फक्त," असे म्हणत दुकानदाराने त्याची सगळी पाती पंख्यासारखी उघडून दाखवली.

मी तो हातात घेऊन नीट पाहिला. मोठे पाते पूर्ण उघडून टोकाजवळ चिमटीत धरले आणि डावीकडे-उजवीकडे दाबले, तर ते सांध्यात सरळसरळ डुलत होते. मिटलेला चाकू ट्यूबलाइटकडे धरला तेव्हा पाते मधोमध न बसता एका बाजूच्या पट्टीला घासून बसलेले दिसले, आणि त्या पट्टीवर घासल्याची एक बारीक चंद्रकोरी रेघ नव्या मालावरही उमटलेली होती. मग धार वर करून तिच्यावर सरळ उजेड पाडला. चांगली धार इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परत येत नाही आणि ती काळी रेघ दिसते, तर बोथट किंवा दुमडलेली जागा चमकते. इथे निम्मी धार चमकत होती. पात्यावर इंग्रजीत 'स्टेनलेस' एवढेच कोरलेले होते, आणि एवढ्यावरून फारसे काही कळत नाही. साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की पोलादाला गंजरोधक म्हणता येते, पण धार टिकते ती कर्बाच्या प्रमाणावर आणि पोलादाला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे ते तापवून विझवून कसे कठीण केले आहे त्यावर. चमच्याचे पोलादही स्टेनलेसच असते.

पोलादाची निवड करताना मुंबईची हवा विसरून चालत नाही. कर्बयुक्त साध्या पोलादाचे पाते कमी कष्टात धार घेते आणि जाणकारांना तेच आवडते, पण लिंबू, कैरी, कोकम लागले की ते काळवंडते, आणि जुलैत पिशवीच्या कप्प्यात ओले राहिले तर सकाळपर्यंत तांबूस होते. जो माणूस रोज पाते पुसून त्याला तेलाचा हात लावील, त्याला असा चाकू जरूर द्यावा. चिखलाच्या बुटांनिशी रात्रीच्या कर्जत लोकलने परतणाऱ्या मुलीकडून ही अपेक्षा मी करणार नाही, म्हणून गंजरोधक पाते ही अट पक्की झाली.

भाची डावखुरी आहे, ही बाब सुरुवातीला मला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती, पण पुढची निवड जवळपास तिनेच केली. घडीच्या बहुतेक चाकूंत पाते उघडण्यासाठी नख अडकवायची खाच एकाच बाजूला असते आणि ती उजव्या हातात मूठ धरणाऱ्याच्या सोयीची असते. उघडलेले पाते अडकवून ठेवणारी जी पातळ पट्टी मुठीच्या आत असते, तीही सहसा उजव्या अंगठ्याने सरकवण्यासाठी बेतलेली असते. पाते अडकवण्याची अशी काही सोय असावी, हे मात्र मला आवश्यक वाटत होते, कारण फांदी कापताना किंवा कंद टोचताना पाते उलटे मिटले तर ते थेट बोटांवर येते. फळे आणि पाकिटे कापणाऱ्याला नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उभे राहणारे पातेही पुरते.

स्विस चाकूचा विचार अर्थातच केला. व्हिक्टोरिनॉक्सची सुरुवात कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये इबाख इथे केली, 1891 पासून त्यांचे चाकू स्विस लष्कराला जाऊ लागले, आणि ज्याची नक्कल आज जगभर होते तो अधिकाऱ्यांचा चाकू 1897 सालचा आहे. त्यांचा 58 मिलिमीटरचा छोटा चाकू माझ्या रकमेत बसत होता. त्याची कात्री खरोखर अप्रतिम असते, आणि कार्यालयात जाणाऱ्या माणसाला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना भेट द्यायची तर मी दुसरे काही पाहणारही नाही. पण त्याचे पाते जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे असते आणि ते अडकत नाही, त्यामुळे रानातल्या कामाला ते अपुरे. 91 मिलिमीटरचे मोठे चाकू रकमेच्या काठावर किंवा बाहेर जात होते. रस्त्यावर ते चौथाई किमतीला मिळतात, पण तो माल कुठला असतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. खऱ्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव आणि 'स्विस मेड' ही अक्षरे सुबक आणि स्पष्ट असतात.

चिनी बनावटीचे काही चाकू या किमतीत आश्चर्य वाटावे इतके चांगले असतात. 8सीआर13एमओव्ही असे लांबलचक नाव त्यांच्या पोलादाला असते आणि त्या नावातच सुमारे 0.8 टक्के कर्ब व 13 टक्के क्रोमियम हे प्रमाण दडलेले असते. पोलाद म्हणून ते पैसे वसूल करणारे आहे. माझी नापसंती होती ती त्यांच्या रूपाला. काळा मुलामा, दातेरी पाठ, पट्टा कापायची आकडी आणि काच फोडायचे टोक असा तो थाट पाहून रेल्वे पोलिसाने थांबवले, तर वनस्पतींचे नमुने हे उत्तर त्याला पटणे अवघड आहे.

एका पर्यायाने मात्र मला खूप मोह घातला, तो कलमाचा चाकू. रोपवाटिकांना माल पुरवणाऱ्या दुकानांत लुधियानाच्या बनावटीचे असे घडीचे चाकू मिळतात, किमतीने निम्म्याहून कमी असतात, आणि कोकणात आंब्याचे कोय कलम बांधणारे लोक असलेच चाकू वापरतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून समर्पक भेट कोणती असणार? डोळा भरण्यासाठीच्या, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीखाली बसवण्याच्या प्रकारात तर पात्याच्या पाठीवर किंवा मुठीच्या टोकाशी साल अलगद उचलण्याची चपटी जीभही असते. पण कलमाच्या पात्याला बहुधा एकाच बाजूने उतार दिलेला असतो, म्हणजे काप अगदी सपाट येतो आणि दोन काड्यांचे काप एकमेकांवर घट्ट बसतात. हा उतार उजव्या हाताच्या हिशोबाने असतो. डाव्या हातात तेच पाते लाकडात खोल घुसत जाते आणि काप वाकडा येतो. डाव्या हाताचा चाकू मिळतो, पण मला तो दुकानात मिळाला नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या कुणासाठी शोधत असाल तर माझे ऐका आणि इथेच थांबा.

शेवटी घेतला तो फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला ओपिनेल, 7 क्रमांकाचा, गंजरोधक पोलादाचा. जोझेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये हा चाकू आपल्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी बनवला, आणि त्यात आजही पाते, लाकडी मूठ, एक खीळ आणि कडी याखेरीज फारसे काही नाही. 7 क्रमांकाचे पाते 8 सेंटिमीटरचे असते. 1955 मध्ये त्याला मानेभोवती फिरणारी कडी जोडली गेली, ती फिरवली की पाते अडकते, आणि ती कोणत्याही हाताने फिरवता येते. नखाची खाच इथेही एकाच बाजूला आहे, पण पाते मुठीबाहेर पुरेसे उघडे राहत असल्यामुळे चिमटीत धरून ते ओढता येते. पात्याला दोन्ही बाजूंनी सारखा उतार आहे आणि ते इतके पातळ आहे की पेरूची चकती त्यातून कागदासारखी निघते. हाच पातळपणा त्याची मर्यादाही आहे. डबा उचकटायला किंवा खिळा उपसायला ते वापरले तर टोक मोडेल.

मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की याची मूठ बीच लाकडाची असते आणि पावसाळ्यात ती फुगते. मग पाते खाचेत आवळले जाते आणि नखाने ओढून निघत नाही. अशा वेळी मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर ठोकले की पाते थोडे बाहेर येते, आणि त्या प्रांतातले लोकही हेच करतात. नवीन असतानाच मुठीच्या खाचेत आणि सांध्यात औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन मुरू द्यावे, म्हणजे पाणी कमी शोषले जाते. खोबरेल तेल घालू नये, ते काही महिन्यांत चिकट होते आणि त्यात धूळ बसते.

उरलेल्या पैशांत मी धार लावण्याचा एक छोटा दगड घेतला, कारण सायकलला चाक जोडून दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याकडे विळी आणि कात्री बिनधास्त द्यावी, पण एवढे पातळ पाते देऊ नये. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड क्षणात तापते, निळसर पडते आणि पोलादाचे पाणी उतरते, मग ती धार दुसऱ्या दिवशी पुन्हा बोथट. दगड पाण्यात भिजवून, पात्याची पाठ दगडापासून थोडीशीच उचललेली ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखे हलके हात मारले की महिनाभराची सोय होते. भाचीला हे मी पेरूवर आणि जुन्या वर्तमानपत्रावर करून दाखवले. चाकू, दगड आणि पॅराफिनची बाटली मिळून दोन हजारांच्या आत बसले, आणि बिल मी खोक्यातच ठेवले आहे, म्हणजे कुणी विचारलेच तर ही वस्तू कुठून आणि कशासाठी आली हे तिला दाखवता येईल.